शिट्टी वाजली की वाक्य परत

समानतेच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या शाळेत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणजे परवाच्या संमेलनापर्यंत सांगत होतो. आता जरा हळू आवाजात सांगतो.

त्याचं असं झालं. मी नववीला भूगोल शिकवतो. या नववीच्या मुलांच्या तोंडची भाषा ऐकून आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, हैराण झाल्या होत्या. कुणाच्या हातून झेल सुटला की 'मुलींसारखा खेळतोस!' कुणी मुलगी गणितात पहिली आली की 'मुलगी असून!' कुणी मुलगा जरा नीटनेटका राहिला की त्याचं जगणं मुश्कील! बाईंनी शिक्षकांची सभा बोलावली आणि विचारलं, "ही डोकी ताळ्यावर आणायला एक उपक्रम हवा. कोण घेतंय?"

सगळे शिक्षक एकदम आपापल्या पेनांची टोपणं तपासू लागले. मी हात वर केला.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "अगं, बाईंनी अगदी योग्य माणूस निवडला. आपल्या घरात समानता पाणी भरते!"

"घरात पाणी मी भरते," बायको म्हणाली. "सकाळी नळ येतो तेव्हा तुमची समानता घोरत असते."

असल्या टोमण्यांकडे दुर्लक्ष करायला मी लग्नानंतर लगेच शिकलो. पण खरा पेच वेगळाच होता, आणि तो जेवणाच्या टेबलाशी बसून माझ्याकडे टक लावून बघत होता. आमची कन्या! तीही नववीतच. शाळेत ती मला नियमाने 'सर' म्हणते आणि घरी बहुधा काहीच म्हणत नाही, नुसती बघते. घरात आम्ही तिला ठिणगी म्हणतो, कारण वयाच्या आठव्या वर्षी तिने इस्त्री उघडली आणि गल्लीभर अंधार केला. पुढे मात्र तिने तीच इस्त्री दुरुस्त केली, मग टेबलफॅन, मग शेजारच्या आजींचा रेडिओ. आता तिला जगात एकच गोष्ट हवी होती. शाळेच्या संमेलनात शिडीवर चढून रंगमंचाचे दिवे लावायचे!

हे काम वर्षानुवर्षं मुलांची एक टोळी करते. टोळीचा म्होरक्या बल्ब. डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडतो म्हणून हे नाव, पण पोरगा सोन्यासारखा. आणि रंगमंचाची जबाबदारी कुणाकडे? माझ्याकडे!

"बाबा, मी चढू?"

"बघू," मी म्हणालो. आईबापांच्या तोंडचा 'बघू' म्हणजे काय, हे मुलांना पाळण्यातच कळलेलं असतं. ती उठली नाही. शेवटी मी सुवर्णमध्य काढला. "तू खाली उभी राहून वायरी जोड. वर मुलं टांगतील."

"का?"

"शिडी जुनी आहे."

"मग मुलं चढली की ती नवी होते?"

मी वर्तमानपत्र उघडलं. ते कालचं होतं, पण त्या वेळी मला तेवढाच आडोसा मिळाला.

असो. उपक्रमाकडे वळू. खेळाच्या सरांच्या कपाटात शिट्ट्यांचं खोकं पडून होतं. त्यांनी डझनभर मागवल्या होत्या आणि दुकानदाराने खोकंच्या खोकं पाठवलं होतं. ते पाहून मला अशी काही कल्पना सुचली की माझं मलाच कौतुक वाटलं. नववीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी! मुलगा आहेस म्हणून असं कर, मुलगी आहेस म्हणून तसं करू नको, अशा धाटणीचं काहीही कानावर पडलं की वाजवायची. मारामारी नाही, शिक्षा नाही. बोलणाऱ्याने फक्त तेच वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणायचं. बस!

पहिले दोन दिवस वर्गात मजा आली. मुलं अडखळत, हसत वाक्यं दुरुस्त करत होती. तिसऱ्या दिवशी शिट्ट्या वर्गाबाहेर पडल्या.

मैदानावर शेजारच्या शाळेशी फुटबॉलचा सामना चालू होता. आपली मुलं ढेपाळलेली पाहून खेळाचे सर गरजले, "मुलींसारखं काय पळताय रे!" झालं! कडेला बसलेल्या नववीने एकसाथ शिट्ट्या फुंकल्या. आमची मुलं सामना थांबला असं समजून पाणी प्यायला निघाली. समोरच्यांनी रिकाम्या गोलमध्ये निवांतपणे चेंडू नेऊन ठेवला. सर माझ्या नावाने बोटं मोडत आले, तर पोरं त्यांच्या मागेच! "सर, वाक्य दुरुस्त करा!"

"कासवासारखं काय पळताय!" सर किंचाळले. शिट्टी वाजली नाही. कासवांच्या बाजूने आमच्याकडे कुणी नव्हतं.

मग प्रार्थनेच्या वेळी मोठ्या बाईच सापडल्या. "संमेलनाच्या दिवशी मुलं बाकं उचलतील आणि मुली पाहुण्यांना फुलं देतील." सगळं आवार शिट्ट्यांनी दणाणलं. कबुतरं उडाली. फाटकाबाहेरच्या वाहतूक पोलिसाने भांबावून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या! बाईंनी मात्र नियम पाळला. "बरं. ज्याला जे जमेल त्याने ते करावं." तर फुलं द्यायला सगळी मुलं धावली, कारण त्यात कष्ट कमी! बाकं उचलायला उरल्या मुली, आणि त्याही आता फुलांसाठी भांडू लागल्या.

बाईंनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर पालकांच्या तक्रारींचा ढीग होता. एका वडिलांना चहा मागताना शिट्टी, एका आत्याला आलेल्या पाहुण्यांसमोर शिट्टी, एका काकांना तर फोनवर शिट्टी!

"संमेलनात एक जरी शिट्टी वाजली ना," बाई म्हणाल्या, "तर उपक्रम त्याच क्षणी बंद. मुख्य पाहुणे शिक्षण खात्यातले आहेत, आणि पुढच्या वर्षी सगळ्या शाळांमध्ये तो सुरू करायचा का, ते ठरवणार आहेत. कळलं?"

मी मान डोलावत बाहेर आलो, तर दारात बल्बचे वडील! गॅरेजवाले. हाताला वंगण, चेहरा तांबडा आणि मुठीत मुलाची शिट्टी. आता हा माणूस मला पान्ह्याने पिळणार, याची मला खात्रीच पटली.

"सर, ही तुमची ना?"

"शाळेची," मी घाईघाईने म्हणालो.

"गेल्या आठवड्यात माझे वडील गेले," ते म्हणाले. "पोराचा आजोबांवर फार जीव. घर माणसांनी भरलेलं आणि हा कोपऱ्यात हमसून हमसून रडतोय. मी म्हटलं, मुलींसारखा रडतोस काय. त्याने रडता रडता शिट्टी वाजवली! सगळ्यांसमोर! मला असा राग आला..."

मी एक पाऊल मागे सरकलो.

"म्हणतो कसा, बाबा, वाक्य परत म्हणा. आता रडणाऱ्या पोराला काय सांगणार, मी म्हणायला गेलो 'रडू नकोस', आणि सर, मलाच असं रडू फुटलं! वडील गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं." त्यांनी बाहीने नाक पुसलं आणि वंगण गालभर पसरलं. "मग दोघं रडलो. बरं वाटलं."

मी खिशातला रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला.

"तेव्हा म्हटलं, ही पोराला परत द्या. आणि एक जादा मिळेल का? माझ्या थोरल्या भावासाठी हवीय. त्याला फार गरज आहे."

मी दिली. नंतर खोकंभर शिट्ट्या मला हिऱ्यांसारख्या वाटू लागल्या. काही झालं तरी हा उपक्रम टिकलाच पाहिजे, असं मी मनोमन ठरवलं.

संमेलनाच्या संध्याकाळी मी दारातच पिशवी घेऊन उभा राहिलो आणि नववीच्या सगळ्या शिट्ट्या गोळा केल्या. सभागृह गच्च भरलं. मुलांनी पाहुण्यांना फुलं दिली, मुलींनी बाकं लावली आणि ती नेहमीपेक्षा सरळ लागली. रंगमंचाच्या कडेला ठिणगी वायरींच्या गुंत्यात बसली होती. वर बघायची, खाली बघायची. माझ्याकडे बघत नव्हती.

मुख्य पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, "मुलगी म्हणजे घराची शोभा, आणि मुलगा म्हणजे घराचा आधार!" नववीचे गाल फुगले. हात गळ्याशी गेले आणि रिकामे परतले. मी पिशवी घट्ट धरली. वाचलो!

आणि नाटकाचा पडदा उघडला तोच समोरचे सगळे दिवे गेले. माईक चालू, पंखे चालू, दिवे तेवढे ठप्प! मी माईक हातात घेऊन प्रेक्षकांना धीर देत होतो, तेवढ्यात बल्ब धावत आला.

"सर, वरची जोडणी सुटलीय."

"मग चढ की!"

"चढून करू काय? सगळी जोडणी हिनेच केलीय. कुठली वायर कुठे जाते ते मला ठाऊक नाही. आम्ही नुसतं टांगलं."

तोवर ठिणगीने दिव्यांचा मुख्य खटका पाडला होता आणि पक्कड दातांत धरून ती शिडीच्या पहिल्या पायरीवर पोचली होती. मी ओरडलो, "अगं, तू नको! मुलीची जात, पडलीस म्हणजे? मुलांपैकी कुणीतरी चढा रे!"

माईक माझ्या हातातच होता.

माझे शब्द सभागृहाच्या चारी कोपऱ्यांत जाऊन परत आले. आणि मागच्या रांगेतून एक लांबलचक, खणखणीत शिट्टी! पिशवी तर माझ्या खांद्याला होती. मी डोळे बारीक करून पाहिलं. भावासाठी नेलेली शिट्टी हातात धरून बल्बचे वडील उभे होते.

"सर," ते तिथूनच म्हणाले, "वाक्य दुरुस्त करा!"

मी ठिणगीकडे वळलो. "मुलगी असलीस तरी चढ."

शिट्टी!

"बरं, चढ. पण मुलांनो, तिला आधार द्या!"

शिट्टी! या खेपेला आख्खी नववी तोंडानेच शिट्ट्या मारत होती. पहिल्या रांगेत मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. उपक्रम बुडाला, अब्रू बुडाली. ठिणगी मात्र पहिल्या पायरीवर तशीच थांबली होती आणि आता थेट माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच मला झेपेना. पोरगी अजूनही माझ्या परवानगीची वाट पाहत होती!

मी माईक खाली ठेवला. जवळ जाऊन म्हणालो, "चढ."

कुठेही शिट्टी वाजली नाही. ती सरसर वर गेली. मी शिडी दोन्ही हातांनी धरली.

वरून आवाज आला, "सर, शिडी हलवू नका!"

मग "खटका टाका!" आणि भक्कन उजेड! टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. बल्ब तर उड्याच मारत होता.

नाटक संपल्यावर मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. पाहुणे त्यांच्या शेजारीच होते.

"उपक्रम बंद ना, बाई?"

"नववीचा बंद," बाई म्हणाल्या. "त्यांचं काम झालंय. पाहुणे म्हणतात, पुढच्या वर्षी सगळ्या शाळांमध्ये सुरुवात शिक्षकांपासून करायची. आमच्या शाळेचा पहिला विद्यार्थी मी सुचवलाय." पाहुण्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. फार सहानुभूतीने केलं.

घरी जाताना ठिणगी पुढे चालत होती, पक्कड हातात फिरवत. मी बायकोला हळूच म्हणालो, "शिडी मी हलवत नव्हतो हं. पाय लटपटत होते. पण ते काळजीने! मुलगा चढला असता तरी असेच लटपटले असते."

"हो ना," बायको म्हणाली. "गेली तीन वर्षं बल्ब चढतोय. तो वर असताना तुम्ही चहा प्यायला जायचात."