भोयरकाकांचं ग्राफिक्स कार्ड

विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायला गेले की भोयरकाका आधी दुकानातला एसी बंद करायला लावतात. "थंडाव्यात कोणाचाही माल चालते," ते म्हणतात. "माझ्या खोलीत मे महिना असते. तो लावा, मग पाहू."

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होते. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. मला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी बोलता बोलता गच्चीपर्यंत चढवून आणलं होतं आणि खाली येऊन वडिलांना सांगितलं होतं, "पोरगा चांगला आहे, पण दम लागते." मी त्याच्याशीच लग्न केलं. त्याला दम अजूनही लागतो.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी काका दारात उभे. "काहून वं माधवी, आज सुट्टी आहे न? बर्डीच्या बाजारात चाल. ग्राफिक्स कार्ड पाहाचं आहे."

"कोणाचं लग्न आहे, काका?"

"लग्नाचं नाही वं. कम्प्युटरचं. गेम खेळाले लागते."

याच माणसाने आपला मुलगा निखिल बारावीत असताना, तो गेम खेळतो म्हणून, कम्प्युटरची वायर काढून घेतली होती. रोज डब्याच्या पिशवीत घालून ते ती कारखान्यात नेत. वर्षभर. निखिल पास झाला, इंजिनिअर झाला, कॅनडाला गेला. कम्प्युटर मात्र इथेच राहिला, आणि त्या वर्षीचा अबोलाही.

दुकानात काकांनी वही काढली. विक्रेता म्हणाला, "काका, या बजेटमध्ये सगळे हेच घेतात. सेकंदाला साठ चित्रं देते, ॲव्हरेज."

"ॲव्हरेज मले नका सांगू. सगळ्यात कमी किती?"

"ते कोणी विचारत नाही, काका."

"मी विचारून राहिलो न."

एसी बंद झाला. विक्रेत्याने घाम पुसत एकामागून एक तीन कार्डं लावून दाखवली. त्याने गेममध्ये बंदूक उचलली, तर काकांनी थांबवलं. "गोळ्या नको. जंगलातून पायी चाला." तासभर ते पडद्यावरची झाडं बघत होते. मध्येच कार्डाजवळ कान नेऊन पंख्याचा आवाज ऐकत, पुन्हा वहीत लिहीत. पहिलं कार्ड मधूनच अडखळलं. दुसरं तापलं. "पन्नास वेळा बरोबर आणि एकदा दगा, असा माल आम्ही वापस करत होतो," ते म्हणाले. तिसरं जुन्या पिढीचं होतं, दिसायला साधं, पण एकदाही अडकलं नाही. तेच घेतलं.

परतताना ऑटोत मी विचारलं, "काका, जंगलात पायी कशाला चालायचं?"

त्यांनी कार्डाचा डबा मांडीवर नीट धरला.

"तुझी काकू होती तोवर फोनवर ते मायलेकच बोलत होते," ते म्हणाले. "काकू गेली तसं, कसे आहा? बरा आहो. जेवले? जेवलो. संपलं. मंग मीच म्हटलं त्याले, तुझ्या गेममध्ये येऊ का. दुसऱ्या दिवशी त्यानं कसं यायचं ते लिहून पाठवलं."

"मग?"

"रविवारी सकाळी तो खेळते, तेव्हा आपल्या इथं संध्याकाळ. तो पुढं चालते, मी मागं. पण आपला कम्प्युटर जुना, चित्र अटकते. मी झाडात फसून राहतो अन् तो दिसेनासा होते. थांब म्हणायची लाज वाटते वं. आतापर्यंत कधी म्हटलं नाही त्याले थांब. बंद कर, एवढंच म्हटलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोहे घेऊन वर गेले. कार्ड बसलं होतं. पडद्यावर नदीकाठी एक लाकडी घर होतं आणि दारासमोर गेममधला काकांचा माणूस एकटाच उभा होता.

"निखिलनं बांधलं," ते म्हणाले. "मी रोज येऊन पाहतो. कोणी नसते."

"आत जा की."

"तो नसताना कसं जाऊ? त्याचं घर आहे."

पोहे निवले. सव्वासात झाले, साडेसात झाले. काका खुर्चीवरून हलले नाहीत. मी उठणार तेवढ्यात नदीपलीकडून दुसरा एक माणूस चालत आला आणि त्यांच्यासमोर थांबला. स्पीकरमधून निखिलचा आवाज आला, नुकत्याच उठलेल्या माणसाचा.

"बाबा, बाहेर कायले उभे आहा?"

"असाच," काका म्हणाले.

"दार उघडंच असते, बाबा. या न आत."

काकांनी माऊसवर हात ठेवला. एक पाऊल पुढे गेले, पुन्हा थांबले. मग अगदी हळू आवाजात, पायाकडे बघत, त्यांनी विचारलं, "चपला कुठं काढू?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. मी ताट तिथेच ठेवलं आणि दार लोटून खाली आले.