वोमेरोवरची टोपली

मारिलेनाच्या बाल्कनीच्या लोखंडी कठड्यावर एकही चरा नव्हता. खाली जुन्या शहरात, तिच्या आईच्या कठड्यावर सामान वर ओढायच्या टोपलीच्या दोरीने बोट बसेल एवढी खाच पाडली होती. इथला कठडा गुळगुळीत होता; वोमेरोच्या टेकडीवर जणू कुणाला कधी काही लागतच नाही.

"इथे कुणी गेलंय का?" तिच्या आईने, दोन्ना आस्सुंताने, विचारलं.

"मम्मा, याला शांतता म्हणतात."

खालचं घर सोडून आमच्याकडे राहायला ये, म्हणून मारिलेना नाताळापासून आईच्या मागे लागली होती. आई दर रविवारी "बघू" म्हणायची आणि रागू, तो तासन्‌तास शिजणारा मांसाचा रस्सा, ढवळायला उठायची. आज जावयाने, फुल्वियोने, तिला मुद्दाम बाल्कनीत आणून उभं केलं होतं. खाली अख्खं नेपल्स एकमेकांना खेटून बसलं होतं.

"रोज सकाळी हे दिसेल, मम्मा."

"दिसेल रे. पण ऐकू काय येईल?"

फुल्वियोने पाव टेबलावर ठेवला. तो पॅकेटातला होता, कापलेला. दोन्ना आस्सुंताने पहाटेपासून शिजवलेल्या रागूचं पातेलं आपल्या दोरीच्या टोपलीत घालून, मांडीवर धरून, टेकडी चढणाऱ्या फ्युनिक्युलर गाडीने वर आणलं होतं. तिने पॅकेटाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"हा पाव रस टिपणार? हा रसात बुडून जीव देईल!"

खाली समोरच बेकरी होती. कुणी काही बोलायच्या आत तिने टोपली रिकामी केली, तिच्यात पैसे टाकले आणि ती कठड्यावरून खाली सोडली.

"मम्मा, इथे असं कुणी करत नाही!"

"म्हणूनच भुकेले दिसता सगळे."

पण दोरी तिच्या घराच्या तिसऱ्या मजल्यापुरती होती आणि हा सहावा होता. टोपली मध्येच लोंबकळत राहिली. मग ती वर ओढून दोरीला कपडे वाळत घालायची दोरी जोडली, तिला फुल्वियोच्या गाऊनचा पट्टा, पट्ट्याला त्याचा लग्नातला टाय आणि टायला टोपली. बेकरीवाल्या सबातीनोने हसत हसत गरम पाव टोपलीत ठेवला. टोपली वर येऊ लागली आणि तिसऱ्या मजल्यावर टायची गाठ कठड्यात अडकली. नेमक्या सिन्योरा लिदियाच्या. लिफ्टमध्येसुद्धा ती मारिलेनाशी हवामानापलीकडे बोलत नसे.

"हे काय आहे?" लिदिया बाहेर आली.

"पाव आहे, बाई! रागूसाठी! जरा गाठ सोडवा!"

लिदियाने गाठ सोडवली, पण टोपली धरूनच ठेवली. "रागू? मी त्यात गाजर घालते. गोडसर लागतो."

दोन्ना आस्सुंता कठड्यावरून आणखी वाकली. मारिलेनाने डोळे मिटले.

"गाजर? रागूत? तुम्ही सशाशी लग्न केलंय का?"

समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. "बरोबर बोलतायत त्या!" दुसरीतून कुणी ओरडलं, "माझी सासू पण गाजर घालायची, तिला काय झालं?" "दात पडले, कवळी आली!" पहिली म्हणाली. चौथ्या मजल्यावरचे आजोबा बनियनवरच बाहेर आले आणि मांस डुकराचं की गाईचं, यावर बोलू लागले. बघता बघता सगळ्या बाल्कन्या भरल्या. फुल्वियो टेबलाशी बसून पॅकेटातला पाव कोरडाच खाऊ लागला.

दोन्ना आस्सुंताच्या गालांवर रंग चढला होता. ती कठड्यावर कोपरं टेकून, खाली स्वतःच्या घरी भांडायची तशी, मनापासून भांडत होती.

"मम्मा," मारिलेना तिचा झगा ओढत कुजबुजली, "त्या राहायच्या गोष्टीची काही घाई नाही हं. तू खरंच नीट विचार कर. वर्षभर कर."

खालून सबातीनोने हाताचा कर्णा केला. "दोन्ना, पाहुण्या आहात की उद्यापासून रोज एक पाव ठेवू?"

लिदिया टोपली धरून वर बघत राहिली.

"ठेव रोज!" दोन्ना आस्सुंता ओरडली. "मी इथे राहायला येतेय!"