तीन नंबर जाड असतो

धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि अर्धांगवायूने आजीचा उजवा हात आखडला, ते एकच वर्ष. त्याच वर्षी आठवीतल्या नातीला लॅपटॉप घ्यायचं ठरलं. आबा म्हणाले, "मी घरात असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं कारण नाही."

आबांनी चाळीस वर्षं जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून त्या पुन्हा फिरत्या केल्या होत्या. विजेवर चालतं ते सगळं आपल्या हाताखालचं, असा त्यांचा समज.

वाटेत नात म्हणाली, "आबा, अभ्यास तर होईलच, पण त्यावर गाड्यांची शर्यतही चालली पाहिजे. डॉक्टरांनी आजीला बोटं हलवायला सांगितलीयत ना? चेंडू दाबायचा तिला कंटाळा येतो. माझ्याशी खेळताना तरी हलवेल."

दुकानदाराने तीन लॅपटॉप मांडले. "दिसायला सारखेच. फरक प्रोसेसरचा, म्हणजे आतल्या मेंदूचा. हा तीन, हा पाच, हा सात."

आबा गालात हसले. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

"तीन द्या."

"आजोबा, गेम खेळायचे तर निदान पाच घ्या."

"बारीक माल माझ्या गळ्यात मारू नका. भार आला की आधी बारीकच जळतो."

नातीने बाही ओढली. "आबा, इथे उलटं असतं."

"तू गप." आबांनी लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवला. "बघ, कसा गार आहे."

"बंद आहे तो, आजोबा," दुकानदार म्हणाला.

घरी अभ्यासाचं सगळं झरझर चाललं. मग शर्यत लावली, आणि गाड्या डबक्यातून म्हशी निघाव्यात तशा निघाल्या.

"मोठा नंबर म्हणजे जास्त ताकद, आबा," नात हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते खोका शोधू लागले. "उद्या बदलून आणतो."

"अहो, थांबा की," पलंगावरून आजी म्हणाली. "आणलाय तर मला एकदा दाबू द्या."

शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर आजीचं बोट खाली येईपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असायची. ही गाडी वळणापाशी रेंगाळली. बोट थरथरलं, उचललं गेलं, सावकाश टेकलं. गाडी वळली. तिसऱ्या डावाला आजी जिंकली.

"मुद्दाम हरलीस ना गं?"

"नाही गं आजी, शप्पथ."

"मग पुन्हा लाव. आणि अहो, हा बदलायचा नाही."

आबांनी खोका पलंगाखाली सरकवला. "मी तेच म्हणत होतो," ते म्हणाले. "जाड तार."

वर्षभरात आजी आबांच्या सदऱ्याचं वरचं बटण पुन्हा त्याच हाताने लावू लागली. पुढे नातीने सात नंबरचा घेतला. त्यावर आजी एकदाही जिंकली नाही, म्हणून जुना पलंगाशीच राहिला.

आजी गेली ती नात बारावीत असताना, नऊ जानेवारीला, सकाळी.