सुक्या, ओल्या आणि न्हाणीघराचा नळ

बढाई मारायचा माझा स्वभाव नाही, पण स्टुडिओतली हवा सांभाळण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी त्या आठवड्यापर्यंत भेटेल त्याला सांगत होतो. बायको म्हणायची, "एकदा सांभाळून तरी दाखवा."

आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे घराच्याच मागच्या खोल्या. मोठ्या खोलीत पियानो, तिला लागून गाणाऱ्यासाठी कपाटापेक्षा जराशी मोठी खोली, आणि काचेपलीकडे माझं टेबल. पियानोमागची भिंत आमच्या न्हाणीघराची. आता गंमत अशी, की पियानोला दमट हवा सोसत नाही. लाकूड फुगतं, तारा हलतात आणि सूर जातात. गळ्याचं नेमकं उलटं. एसीच्या कोरड्या हवेत तासभर बसवलं, की चांगला गळासुद्धा दाराच्या बिजागरीसारखा वाजायला लागतो.

एरवी मी हे कसंतरी निभावून नेलं असतं. पण शनिवारी बाई येणार होत्या.

बाई म्हणजे ज्यांचं गाणं ऐकून मी या धंद्यात पडलो त्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. त्यांच्या आईने शिकवलेलं एक गाणं आजवर कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं. बाई फोनवर म्हणाल्या, "तेवढं एक करून ठेवू या. नंतर बोंबलायला गळा असो नसो."

 फोन ठेवल्या ठेवल्या मी दोन यंत्रं मागवली.

एक हवेतलं पाणी ओढून टाकीत भरणारं, ते पियानोच्या खोलीत. दुसरं टाकीतल्या पाण्याची वाफ करून हवेत सोडणारं, ते बाईंच्या खोलीत. दोघांची इंग्रजी नावं म्हणता म्हणता जीभ वळेना, म्हणून सासऱ्यांनी त्यांना सुक्या आणि ओल्या करून टाकलं.

सासरे आमच्याकडेच असतात. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाले, पण कुठे थेंब ठिबकला तर झोपेतून उठतात. यंत्रांचं काम मी त्यांच्याकडे सोपवलं.

"बाबा, सोपं आहे. सुक्याची टाकी भरली की रिकामी करायची. ओल्याची रिकामी झाली की भरायची."

"एवढंच ना?" सासरे म्हणाले. "जावईबापू, मी अर्ध्या शहराच्या टाक्या भरल्यात."

सोमवारी यंत्रं सुरू झाली. मला पियानोच्या खोलीत दमटपणा पंचेचाळीस टक्के हवा होता. मोजणारा काटा सत्तरवर होता. संध्याकाळी पाहिलं तर सत्तर. मंगळवारी बहात्तर.

"सुक्या चालतोय ना, बाबा?"

"घोड्यासारखा. आज तीन बादल्या निघाल्या."

तीन बादल्या! एका खोलीच्या हवेत तीन बादल्या पाणी? बुधवारी साडेतीन निघाल्या. काटा तिथेच. पियानोवाला येऊन सूर लावून गेला. हा बाईंच्या साथीला वाजवणारा, पियानोही स्वतःच लावणारा, हाताने चांगला पण सदा घाईत. त्याचं वाजवणं ऐकलं की वाटावं, बाहेर रिक्षा थांबवून आलाय. गुरुवारी तो पुन्हा आला, तर सूर पुन्हा उतरलेले.

"साहेब, तुमच्या भिंतीतून पाणी येतंय," तो किल्ली फिरवत म्हणाला. "माझ्या मावसभावाच्या घरात असंच झालं होतं. शेवटी भिंत पडली."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. न्हाणीघराची भिंत! आत पाइप फुटला असणार. एवढं पाणी दुसरं येणार कुठून?

"भिंत कोरडी आहे," बायको हात लावून म्हणाली.

"वरून कोरडी. आतून झरा आहे."

"आधी जरा शांतपणे शोधा तरी."

"शनिवारी बाई येतायत. शांतपणे शोधायला वेळ कुठे आहे?"

शुक्रवारी सकाळी प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि "आहे, आहे" असं म्हणाला. मग त्याने मी हौसेने बसवलेला आवाज शोषणारा स्पंज टराटरा फाडला आणि छिन्नी चालवली. दुपारपर्यंत पियानोमागे टरबूज जाईल एवढं भोक पडलं. भोकातून आमच्या न्हाणीघरातला टॉवेल दिसत होता. पाइप ठणठणीत होता.

"इथे नाही," प्लंबर म्हणाला. "शेजारी बघू का?"

तेवढ्यात सासरे सुक्याची भरलेली बादली घेऊन आमच्यामधून गेले आणि बाईंच्या खोलीत शिरले. बायको दारात उभी होती. ती त्यांच्या मागोमाग गेली आणि कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"बाबा, सुक्याचं पाणी तुम्ही कुठे ओतता?"

"ओल्यात. आणखी कुठे? इतकं निर्मळ पाणी मोरीत घालवू की काय?"

"आणि अहो, या दोन खोल्यांना एसीचा पाइप एकच आहे ना? या खोलीतली हवा त्या खोलीत जाते आणि तिथली इथे येते?"

मी छताकडे पाहिलं. पाइप एकच होता. तो मीच बसवून घेतला होता. म्हणजे पाच दिवस ओल्या वाफ सोडत होता, ती पाइपातून इकडे येत होती, सुक्या तिचं पाणी करत होता आणि सासरे तेच पाणी इमानाने परत ओल्याच्या पोटात घालत होते. तेच पाणी, त्याच बादल्या. आम्ही सोमवारपासून पाण्याला प्रदक्षिणा घालायला लावली होती.

प्लंबरने छिन्नी पिशवीत ठेवली. जाता जाता न्हाणीघराचा नळ उघडून बंद करून पाहिला आणि म्हणाला, "आता काळजी करू नका."

त्या रात्री ओल्या बंद ठेवला, सुक्याचं पाणी सासऱ्यांनी झाडांना घातलं, आणि सकाळी काटा अठ्ठेचाळीसवर उतरल्यावर पियानोवाल्याने पुन्हा सूर लावले. शनिवारी दहा वाजता बाई आल्या. शाल, काठी आणि हातात गरम पाण्याचा थर्मास. भोकावर मी गादी टेकवून ठेवली होती. बाईंनी गादीकडे पाहिलं, ओल्याकडे पाहिलं, सुक्याकडे पाहिलं.

"हे काय लग्नातलं रुखवत मांडलंय?"

मी त्यांना टक्केवारी समजावली. त्यांनी ऐकून घेतली.

"बंद करा सगळं. एसीसुद्धा. त्याची घरघर माझ्या कानात बसते."

"बाई, एसी बंद केला तर पियानो बिघडेल."

"पाच मिनिटांत? पियानो आहे की पापड?"

सगळं बंद केलं. खोली एकदम गप्प झाली. मला काचेआडून बाईंचा चेहरा दिसत होता. त्या घाबरलेल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, पियानो पाच मिनिटं टिकू दे, बाकी आयुष्यभर बेसूर वाजला तरी चालेल. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दमटपणाच्या काट्यावर नजर खिळवून बसलो. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. गाणं चालू होतं, पण माझा जीव त्या काट्यात अडकला होता. एक्कावन्नवर गाणं संपलं.

बाईंनी थर्मासमधलं दोन घोट पाणी घेतलं. मग पियानोवाल्याला म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तू माझ्याबरोबर चाललास. एरवी पुढे पळून माझी वाट बघत बसतोस."

"तुम्ही ठेका लावून दिलात ना हेडफोनमध्ये," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "तोच धरला."

मी कसलाही ठेका लावलेला नव्हता.

रेकॉर्डिंग परत लावलं आणि आता कुठे कान उघडले. बाईंचा आवाज थकलेला होता आणि इतका आर्जवी, की माझे डोळे भरून आले. आणि त्या आवाजाच्या मागे, गादीआडून, संथ आणि घड्याळासारखं नेमकं: टप्... टप्... टप्.

न्हाणीघरात जाऊन पाहिलं. पाच दिवस जी गळती नव्हती, ती प्लंबर जाता जाता करून गेला होता, आणि यंत्रांच्या घरघरीत ती सासऱ्यांनाही ऐकू आली नव्हती.

मी नळाखाली टॉवेल ठेवला आणि बाईंना हात जोडून आणखी एकदा गायला सांगितलं. दोन ओळींत पियानोवाला भरधाव सुटला. बाईंनी हात वर केला.

"तो टॉवेल काढा."

"बाई, तो नळ आहे. गळतोय."

"मला ठाऊक आहे. पहिल्या ओळीलाच कळलं. आई गायची तेव्हा मोरीतला नळ असाच ठिबकायचा. मी म्हटलं, हे पोरगं किती बारकाईने काम करतं!"

आयुष्यात माझं एवढं कौतुक कोणी केलेलं नाही. मी मान खाली घालून ते घेतलं. बायको दारातून बघत होती, म्हणून फार वेळ घेता आलं नाही.

पहिलंच गाणं ठेवलं. ऑपरेशन मंगळवारी झालं. तीन महिने बाई पाटीवर लिहून बोलल्या, आणि एक दिवस फोन वाजला. आवाज खालच्या पट्टीत उतरला होता, जरा खरखरीत होता, पण बाईंचाच होता.

"अजून एक गाणं आठवलंय. शनिवारी येते. नळ तयार ठेवा."

आता आली पंचाईत. नळ सासऱ्यांनी पहिल्या रेकॉर्डिंगच्या संध्याकाळीच दुरुस्त केला होता. चौतीस वर्षांची नोकरी पणाला लावून केलेली दुरुस्ती, ती काय गळणार! मी प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, मुद्दाम बिघडवायचं काम मी करत नाही."

शेवटी सासरेच तयार झाले. अट एकच, खाली बादली हवी. आता बाईंचं रेकॉर्डिंग असलं, की ते न्हाणीघरात स्टूलवर बसतात आणि नळावर बोट ठेवून थेंब सोडतात. थेंब चुकत नाही. गाण्याखाली वादकांमध्ये पियानोवाल्याच्या वर त्यांचं नाव छापतात.

स्टुडिओत माझ्याकडे आता एकच काम उरलंय. बादली भरली की रिकामी करायची. कुठे, ते मी आधी बायकोला विचारतो.