कारभारी गायधनी यांच्या पोटदुखीबाबत मंडळाचा खुलासा

माणसाला पोट एकच असतं, आणि व्यायाम सुरू करेपर्यंत त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. व्यायाम सुरू केला की पोट बोलू लागतं. पळणाऱ्याच्या बरगडीखाली चमक निघते, सूर्यनमस्कार घालणाऱ्याला रात्रीची भाकरी आठवते, आणि वज्रासनात बसलेल्याकडून काय काय होतं ते सभ्य माणसाने लिहू नये. तेव्हा ज्यात घाम येत नाही, बूट लागत नाहीत आणि वाकावंही लागत नाही असा एकच व्यायाम उरतो, तो म्हणजे हसणे. म्हणून १९९९ साली गंगापूर रोडजवळच्या आमच्या कॉलनीच्या बागेत 'प्रसन्न हास्य मंडळ' स्थापन झालं. मी त्याचा संस्थापक चिटणीस. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढल्यामुळे हसण्याचा पूर्वानुभव नव्हता, पण कागदपत्रं चोख ठेवतो.

कारभारी गायधनी यांच्या प्रकरणावरून गावात (नाशिकला आम्ही अजून गावच म्हणतो) नको ते बोललं जातंय, म्हणून हा खुलासा.

आधी मंडळाची पद्धत समजून घ्या. वेळ सकाळी सहा ते पावणेसात. सहाच्या आधी कोणी हसलं तर ते हजेरीत धरत नाहीत. कारणाशिवाय हसणे हा आमचा पाया, त्यामुळे विनोद सांगायला सक्त मनाई. (एका सभासदाने एकदा सांगितला. चार जण खरोखरच हसले आणि सगळ्यांचा ताल गेला. त्याला लेखी समज दिली.) सुरुवात नमस्कार हास्याने. मग मोबाईल हास्य, कानाला हात लावून. मोबाईल तेव्हा तिघांकडेच होता, बाकीचे आशेवर हसायचे. मग लाईट-आली हास्य, मग व्याही हास्य, ते तोंड मिटून. शेवटी गगन हास्य: दोन्ही हात वर, मान मागे, डोळे मिटलेले. कलम नऊप्रमाणे एकाने जोर धरला की बाकीच्यांनी साथ द्यायची, मध्येच सोडायचं नाही.

पहिल्या वर्षाची आकडेवारी मी स्वतः काढली. एकूण सभासद अडतीस. रक्तदाब उतरलेले सहा, साखर उतरलेले चार, कवळी पडलेले दोन, पोट दुखलेले एकतीस. एकतीस म्हटल्यावर परिपत्रक काढणं आलंच. त्यात पोटदुखीचे तीन वर्ग केले. वर्ग अ, बागेच्या फाटकाशी मिळणाऱ्या गव्हांकुराच्या रसाने होणारी. वर्ग ब, उपाशीपोटी हसल्याने होणारी. वर्ग क, भरल्या पोटी हसल्याने होणारी. (न उपाशी न भरल्या पोटी, असा सभासद सापडला नाही.) तिन्ही वर्गांना उपाय एकच ठेवला: हसत राहावे, कारण दुखणे ही व्यायाम लागू पडल्याची खूण आहे. परिपत्रक लॅमिनेट करून बागेतल्या बाकाला बांधलं.

आता कारभारी. हे मूळचे सायखेड्याचे. बायको गेल्यावर शेत थोरल्याच्या हवाली करून धाकट्या सुनीलकडे आमच्या कॉलनीत राहायला आले. सुनील आणि सून दोघंही नोकरीवाले, आठ वाजता घराला कुलूप नाही तर कारभारी. दिवसभरात त्यांच्याशी कोण बोलायचं, तर दारावर आलेला सेल्समन. तो तरी किती वेळ बोलणार? म्हणून ते मंडळात आले. इथे अडतीस माणसं रोज नियमाने नमस्कार करायची, नाव घेऊन, पूर्ण नाव.

अडचण एकच होती. कारभारींना हसता येईना. माणूस रडका नव्हता, चांगला खमक्या होता, पण म्हणायचा, कशाला हसायचं ते सांगा, हसतो. कारण सांगणं हे मंडळाच्या तत्त्वात बसत नव्हतं. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे मी काय लिहिणार? ऑक्टोबर, 'ओठ हलले'. नोव्हेंबर, 'ओठ हलले, परंतु जांभई निघाली'. डिसेंबर, 'प्रगती नाही'.

त्यात जानेवारीत आंतर-कॉलनी हास्य मेळावा होता. फिरता करंडक दोन वर्षं सिडकोकडच्या एका मंडळाकडे अडकून पडला होता. अध्यक्ष रावजी निकम हे निवृत्त नायब तहसीलदार, त्यांना करंडक ही वसुलीची बाब वाटे. त्यांनी ठराव मांडला की सरासरी खाली ओढणाऱ्या सभासदाने मेळाव्यानंतर इतरांना जागा करून द्यावी. ठराव एकमताने पास झाला. (कारभारींनीही हात वर केला. त्यांना वाटलं गगन हास्य आहे.) दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र मीच दिलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मग सकाळचं जायचं कुठं म्हणता?"

मी म्हणालो, मेळाव्यातली कामगिरी पाहून निर्णयाचा फेरविचार होऊ शकतो. कारभारी त्या दिवसापासून घरी आरशापुढे उभे राहायला लागले, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. तिने मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

मेळाव्याच्या तीन दिवस आधी ते मला बाकापाशी घेऊन गेले. बेंबीपाशी दुखतंय म्हणाले, आणि जरा उजवीकडं सरकतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता उजवीकडंच दुखतंय. हिंग लावून झाला होता, सोडा पिऊन झाला होता. मला विचारलं, हे हसण्याचं दुखणं हाय का दुसरं कुठलं? मी परिपत्रकावर बोट ठेवलं आणि त्यांना नीट समजावलं. मंडळात पोट दुखतं ते हसल्याने दुखतं. आपलं पोट दुखत आहे. त्या अर्थी आपण हसू लागला आहात. कारभारींना इतका आनंद झाला म्हणता! दवाखान्यात जायचं त्यांनी रद्द केलं, आणि मी नोंदवहीत लिहिलं: 'प्रगती समाधानकारक'.

मेळाव्याला सात मंडळं होती. आमचा नंबर शेवटून दुसरा. नमस्कार, मोबाईल, लाईट, व्याही सगळं सुरळीत झालं. कारभारी माझ्या शेजारी होते, घामाने निथळत होते, मी म्हटलं माणूस जीव ओततोय. रावजींनी गगन हास्याचा इशारा केला, हात वर गेले, माना मागे गेल्या, डोळे मिटले, आणि कारभारींच्या तोंडून असा काही आवाज निघाला की तीन वर्षांत तसा कोणी काढला नव्हता. ते पोट धरून खाली बसले. मग आडवे झाले. गवतावर या अंगावरून त्या अंगावर लोळू लागले, डोळ्यांतून पाणी, पाय झाडतायत, मध्येच "डॉक्टर, डॉक्टर" म्हणतायत. आम्हाला वाटलं हा नवा प्रकार, डॉक्टर हास्य. कलम नऊ लागू झालं. अडतीस जणांनी साथ दिली. ते जेवढे ओरडत तेवढे आम्ही चढत गेलो. परीक्षक मोहिनीताई खुर्चीतून घसरल्या. ज्यांच्याकडे दोन वर्षं करंडक होता ते सिडकोचे लोकसुद्धा हसू लागले, यापेक्षा मोठी पावती कुठली? हे सात मिनिटं चाललं.

मैदान झाडणारी साळूबाई पेठ तालुक्यातली. ती खराटा टाकून मधे घुसली आणि कारभारींच्या तोंडाशी वाकली. मग वर बघून म्हणाली, "ह्यो बाबा हसत नाय. ह्याला दुखतंय. उचला की."

तरी दोघं तिघं हसतच राहिले. मध्येच सोडायचं नसतं ना.

अपेंडिक्स फुटलं होतं. आणखी तासाभराने आणलं असतं तर आमच्याकडे कशाला आणलं म्हणालो असतो, असं डॉक्टरांनी सुनीलला सांगितलं. करंडक अर्थातच आमच्याकडे आला. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण. दोन कापले ते गवत खराब केल्याबद्दल.

पाचव्या दिवशी रावजी आणि मी करंडक घेऊन दवाखान्यात गेलो. टाके असल्याने दीड महिना हसायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता, आणि तो पाळणं त्यांना जड जाणार नव्हतं. कारभारींनी करंडकाकडे पाहिलंही नाही. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "साहेब, मग राहिलं का नाव?"

मला लाज वाटली. एकतीस वर्षांच्या नोकरीत वाटली नव्हती एवढी वाटली. मी राहिलं म्हणालो. त्यांना आजीव सभासद केलं आणि हसण्यातून कायमची सूट दिली. परिपत्रक बाकावरून सोडलं.

पुढे रीतसर चौकशी समिती नेमली. पहिली साक्ष साळूबाईची. तुम्हाला कसं कळलं, हास्याचं काही प्रशिक्षण घेतलं आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, तोंड बघितलं त्याचं. (आमची पद्धत डोळे मिटण्याची आहे, हे समितीने नमूद केलं.) मग अडतीस सभासदांचे जबाब मी लिहून घेतले, माझा धरून, आणि तीन रकान्यांत भरले.

रकाना पहिला, 'अजिबात शंका न आलेले': अकरा.

रकाना दुसरा, 'शंका आली, परंतु बाकीचे हसत असल्याने हसलेले': सत्तावीस. माझं नाव यातच आहे.

रकाना तिसरा, 'पोट दुखत आहे हे पक्कं माहीत असूनही हसलेले'. यात मंडळातलं एकही नाव बसेना. रावजी म्हणाले, रिकामा रकाना वर पाठवायचा नसतो, 'निरंक' लिहून टाका. मी लिहिणारच होतो. पण आपण हा खुलासा वाचत होता. शीर्षकातच पोटदुखी होती. बेंबीपासून उजवीकडे सरकलेलंही आपल्याला सांगितलं होतं, आणि आमच्यासारखं आपल्यावर परिपत्रक बंधनकारक नव्हतं. आणि तो माणूस गवतावर लोळत "डॉक्टर, डॉक्टर" म्हणत होता तेव्हा आपले डोळे उघडे होते.

तरी कृपया आपलं पूर्ण नाव आणि पत्ता कळवावा. रकान्यात जागा भरपूर आहे.