ओरडणारी कुंडी

"ओरडली की पाणी घालायचं. बस्स, एवढंच काम," असं म्हणून इंजिनिअर हात झटकत उभा राहिला.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या भिंतीला लागून, छातीएवढ्या उंचीचं रुंद पानांचं झाड होतं. त्याच्या कुंडीतले गोल गोटे बाजूला सारून त्याने काड्यापेटीएवढं यंत्र आत खोचलं होतं. यंत्राचे दोन धातूचे पाय आत घालताना बराच जोर लागला. "माती फारच घट्ट झालीये," तो पुटपुटला आणि त्याने गोटे पुन्हा सारखे केले.

सासूबाईंनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, याच झाडाला लावायचंय का?"

"याच. घरातलं सगळ्यात ठणठणीत झाड हेच आहे."

बायको ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेली होती, म्हणून सासूबाई घर सांभाळायला आल्या होत्या. जावयाने एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूत रस दाखवावा, म्हणून त्यांनी विचारलं, "पण हे करतं काय?"

हा प्रश्न इंजिनिअरला विचारणं म्हणजे नळ सोडून ठेवण्यासारखं होतं. "आई, यात एक चिप आहे. तिची खुबी म्हणजे ती सारखी झोपलेली असते. मधूनच जागी होते, माती ओली आहे का बघते, कोरडी असली तर ओरडते आणि परत झोपते. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत! त्यामुळे शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर ती वर्षानुवर्षं चालेल."

"यात नवीन ते काय? तुमचे सासरेही मधूनच जागे होतात, चहा झाला का बघतात, नसला तर ओरडतात आणि परत झोपतात," सासूबाई म्हणाल्या. "फक्त त्यांना खर्च जास्त येतो."

इंजिनिअर हसला खरा, पण त्याची या चिपवर नोकरीपेक्षाही जास्त माया होती. मॅनेजरने बजावलं होतं, "मोठे रोपवाटिकावाले बघायला येणार आहेत. तोवर हे खऱ्या घरात, खऱ्या माणसांत चालवून दाखव. सेल उतरला तर आपलं तोंडही उतरलं म्हणून समज."

"टीं टीं!" कुंडी ओरडली.

"बघितलंत? तहान लागलीये बिचाऱ्याला!" इंजिनिअरचा चेहरा मुलाने पहिला शब्द उच्चारावा तसा उजळला. सासूबाईंनी तांब्याभर पाणी घातलं. थोड्या वेळाने कुंडी पुन्हा ओरडली. सासूबाईंनी आणखी एक तांब्या घातला. जेवणं होईपर्यंत तांब्याची जागा बादलीने घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसमधून आला तेव्हा सासूबाई रिकामी बादली घेऊन कोपऱ्यात उभ्याच होत्या.

"दिवसभर ओरडतंय हो. बरं, याचं एक पानसुद्धा सुकलेलं नाही. मला सांगा, याला पाणी लागतंच का?"

"आई, झाड म्हटलं की पाणी लागणारच. तुम्हाला वरून दिसतं ते पान. चिपला कळतं ते मूळ." मग त्याने कागद घेऊन ओल्या मातीतून करंट कसा जातो आणि कोरड्या मातीतून का जात नाही, ते आकृती काढून समजावलं. सासूबाईंनी आकृती शेवटपर्यंत पाहिली आणि बादली भरायला गेल्या.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "झाडांना पाणी घालताय ना?"

"घालतोय म्हणजे? तुझं मोठं झाड तर ओरडून मागून घेतंय! यंत्र लावलंय त्याला."

"अरे वा," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर गच्चीतलं लिंबाचं झाड होतं. "त्याला घाला भरपूर. त्याला लागतंच."

आता खुद्द मालकिणीचीच परवानगी मिळाल्यावर काय! इंजिनिअरही सकाळी दात घासता घासता एक बादली ओतू लागला. एवढं पाणी पिऊनही जमिनीवर थेंब सांडत नव्हता, याचं त्याला कौतुक वाटे. "काय शोषून घेतंय बघा," तो म्हणायचा. कुंडीच्या बुडाला मोठं भोक होतं, भोकाखालच्या फरशीला भेग होती आणि भेगेखाली खालच्या मजल्यावरचे काका राहत होते, हा भाग त्याला ठाऊक नव्हता.

तो काकांनीच वर येऊन सांगितला. काका निवृत्त होते, मितभाषी होते आणि त्या दिवशी डोक्यापासून खांद्यांपर्यंत ओले होते.

"मी पेपर वाचत होतो," ते म्हणाले. "आता तो वाचता येत नाही."

काकांच्या छतावर मोठा डाग पडला होता आणि त्याच्या मधोमधून धार लागली होती. इंजिनिअरने कपाळाला हात लावला. कुंडीच्या मागेच बाथरूम, म्हणजे पाइप फुटला असणार, हे त्याने तिथल्या तिथे सिद्ध केलं. प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, दोन ठिकाणी टकटक केलं आणि म्हणाला, "साहेब, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

बाथरूमची भिंत उघडली. पाइप कोरडा. फरशी उघडली. खालीही ठणठणीत. "मग पुढचा जोड असेल," असं म्हणत प्लंबर पुढे सरकला आणि संध्याकाळपर्यंत बाथरूमचं रूप खाणीसारखं झालं. धुळीने इंजिनिअरच्या भुवया पांढऱ्या झाल्या. या सगळ्या पसाऱ्यात कुंडी इमानेइतबारे ओरडत होती आणि सासूबाई विटांच्या ढिगावरून बादली घेऊन ये-जा करत होत्या.

"आई, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तुम्ही सांगितलंय ना, ओरडली की घालायचं," असं म्हणून त्यांनी बादली रिती केली. खालून काकांची हाक आली, "पुन्हा आलं!"

त्याच गोंधळात बॅग ओढत बायको दारात उभी राहिली. तिने बाथरूम पाहिलं, विटा पाहिल्या, नवऱ्याच्या भुवया पाहिल्या. मग "टीं टीं" ऐकू आलं आणि तिची नजर कोपऱ्याकडे गेली.

"यंत्र या झाडाला लावलंयस?"

"हो! बाकी सगळं घर कोसळलं, पण याला काही होऊ दिलं नाही बघ."

"त्याला काय होणार आहे?" बायको कशीबशी म्हणाली. "प्लास्टिकचं आहे ते!"

इंजिनिअर कुंडीजवळ गेला. त्याने गोटे उपसले. खाली थर्माकोलचा पांढराशुभ्र ठोकळा होता आणि यंत्राचे पाय त्यात रुतून बसले होते. माती नावाला नव्हती. त्याने यंत्र उपटून उलटसुलट करून पाहिलं. मग मान वर करून हळूच म्हणाला, "म्हणजे चिप बरोबरच सांगत होती. माती ओली नाही म्हणून."

"अगं आई, तुझ्याही लक्षात आलं नाही?"

"आलं की. पहिल्याच दिवशी. मी पानं पुसली ना."

"मग पाणी का घालत बसलीस?"

"मला वाटलं, परीक्षा यंत्राची आहे, झाडाची नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "एवढे शिकलेले जावई, काहीतरी विचार करूनच प्लास्टिकला लावलं असेल. तरी मी दोनदा विचारून पाहिलं. दुसऱ्यांदा विचारलं तर मला करंट समजावून सांगितला. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही."

बायको विटांवर बसून पोट धरून हसायला लागली. प्लंबरने भिंतीकडे तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. आधी इंजिनिअरचे कान लाल झाले आणि मग त्यालाही हसू आवरेना. काकांची माफी मागायला तो खाली गेला, तेव्हा काकांनी सगळं ऐकून घेतलं, छताकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "खरी झाडं किती आहेत तुमच्याकडे?"

रोपवाटिकावाल्यांपुढे मात्र यंत्राने बाजी मारली. पंधरा दिवस रात्रंदिवस ओरडूनही सेल जवळजवळ नव्यासारखाच निघाला. इतकी खडतर चाचणी कुणी घेतल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. ऑर्डर नक्की झाली. ती खडतर कशी झाली, हे इंजिनिअरने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पाहुणे गेल्यावर मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब खुशीत होते. हातातल्या फवाऱ्याने ते खिडकीतल्या रोपाच्या एकेका पानावर मायेने पाणी उडवत होते. रोप गुलाबी फुलांनी डवरलं होतं.

"झाडांचं यंत्र करायचं म्हणजे आधी झाडं कळावी लागतात," मॅनेजर म्हणाले. "आता हेच बघ. ऊन असो, थंडी असो, बारा महिने फुलतं. आजवर एक पान गळू दिलेलं नाही मी."

इंजिनिअरला हल्ली एक नवी सवय लागली होती. साहेबांची पाठ वळताच त्याने एक पान दोन बोटांत धरून चोळलं. पानाच्या कडेचा दोरा त्याच्या नखात अडकला.

त्याने बोलायला तोंड उघडलं. मग साहेबांचा फुललेला चेहरा पाहून ते हळूच मिटलं.

"हातगुण लागतो रे," साहेब म्हणाले.

"लागतो, सर," असं म्हणून इंजिनिअरने रिकामा झालेला फवारा त्यांच्या हातातून अदबीने घेतला आणि तो भरून आणायला निघाला.