नवसाला पावणारा पिंजरा

पिंजरा विकत न आणता घरीच करायचा, असं मी ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं. बाजारात तारेचा घडीचा पिंजरा मिळत होता. चाबा, म्हणजे माझी बायको, तो बघूनही आली होती. पण मी म्हटलं, "आपला मप्राव काय कोंबडी आहे का?" (हे बोलताना मी कमरेवर हात ठेवले होते. कमरेवर हात ठेवून घेतलेला माझा एकही निर्णय आजवर बरा निघालेला नाही.)

मप्राव हा आमचा कुत्रा. मप्राव म्हणजे थाई भाषेत नारळ. कालव्यापलीकडच्या विहारात तो लहानाचा मोठा झाला. भंतेजी सकाळी होडीतून भिक्षेला निघाले की हा होडीच्या टोकाला उभा. एकदा आमच्या धक्क्यावर उतरला, चाबानं त्याला नारळाच्या दुधातला भात घातला, आणि स्वारी पुन्हा होडीत चढलीच नाही. भंतेजी म्हणाले, "त्याला संसारात पडायचं दिसतंय. असू द्या." आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हापासून घरात आधी त्याचं ताट वाढलं जातं आणि मग माझं. नारळ हे नाव चाबानं ठेवलं ते त्याच्या तपकिरी केसांवरून. पुढे खरोखरीचा नारळ त्याच्या मागच्या पायावर पडणार आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार?

थायलंडमधल्या आमच्या बांग खोंतीत माडांना तोटा नाही. नारळ रोज धपाधप पडतात, आजवर कुणाला लागला नव्हता. तो नेमका मप्रावच्या गुडघ्यावर बसला.

"ऑपरेशन केलं तर पाय वाचेल," डॉक्टर सिरिन म्हणाल्या. "पण नंतर महिना-दीड महिना त्याला पिंजऱ्यात निवांत पडून राहावं लागेल. आत उड्या मारल्या, दाराला धडका दिल्या, की पायात घातलेली तार सुटली म्हणून समजा. मग पाय गेला."

"बांधून ठेवलं तर?" मी विचारलं.

"ओढ घेईल."

"मी मांडीवर घेऊन बसलो तर?"

डॉक्टरांनी माझ्या मांडीकडे पाहिलं, मग मप्रावकडे पाहिलं. "काका, आत्तापासून सवय लावा. दार उघडं ठेवा, आत खाऊ ठेवा, तुमच्या वासाचं कापड लावा, गोड बोला. जबरदस्ती अजिबात नको. ज्या दिवशी दार लागलं तरी तो आत मजेत राहील, त्या दिवशी सवय पूर्ण लागली म्हणायचं."

आता पंचाईत अशी, की मप्राव उभ्या जन्मात बंद दाराआड राहिला नव्हता. विहाराला दारं नाहीत, आणि आमच्या घराला आहेत ती लागत नाहीत. (ती दुरुस्त करायची हेही मी कमरेवर हात ठेवूनच ठरवलं होतं.) परत येताना होडीत चाबा त्याचं डोकं कुरवाळत रडत होती. "तीन पायांवर हा होडीच्या टोकाला कसा उभा राहील हो?" घरी येऊन मी हातोडा शोधायला लागलो.

घरात जुन्या खिडक्यांच्या फळ्या होत्या. सुतारकाम मी आयुष्यात एकदाच केलं होतं, विहाराचं छप्पर दुरुस्त होत असताना, त्यामुळे मला येतं ते एकच: उभट उताराचं, टोकदार कोपऱ्यांचं छप्पर. भरतीचं पाणी अंगणात येतं म्हणून माडाचे चार बुंधे रोवून पिंजरा वर उचलला. विहारातून उरलेला लाल आणि सोनेरी रंग होता, तो फासला.

"कुत्र्याला सोनेरी रंग कशाला?" चाबा म्हणाली.

"वाया जाऊ नये म्हणून."

मग वडाच्या सावलीत, कालव्याच्या कडेला जागा धरली. चाबानं आपल्या वासाची म्हणून जुनी रंगीत उपरणी आणली. काही गजांना गुंडाळली, एक दारासमोर पडद्यासारखं सोडलं आणि एक दाराच्याच फळीला बांधून त्याचं टोक आत लोंबतं ठेवलं.

आमच्याकडे अंगणाअंगणात जागेवाल्याचं घर असतं. टोकदार छपराचं, सोनेरी, रंगीत कापडं गुंडाळलेलं, जमिनीपासून वर उचललेलं. जागेचा राखणदार त्यात राहतो, त्याला नैवेद्य दाखवायचा आणि अडल्यानडल्याला नवस बोलायचा. जन्मापासून ही घरं बघत आलेल्या मला आपण काय बांधून ठेवलंय हे कळलं नाही. कालव्यावरून जाणाऱ्यांना मात्र लगेच कळलं.

त्यात मी रोज सकाळी पिंजऱ्यासमोर गुडघे टेकून बसायचो. हातात भाजलेल्या मांसाच्या काड्यांची बशी, आवाजात मध. "या ना. आत या. राग धरू नका. आपल्यासाठीच आहे सगळं." (मप्रावला मी अहो-जाहो करतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी तसंच बोलायची सवय आहे.) मप्राव जिन्याखाली पडून माझ्याकडे बघायचा, आणि मी दमलो की लंगडत येऊन बाहेरच्या बाहेर बशी साफ करायचा. कालव्यावरून तो दिसायचा नाही. दिसायचा तो मी. होड्या वेग कमी करायला लागल्या. एका बाईनं तर वल्ही ठेवून हात जोडले.

शेजारच्या लमैमावशी एकदा कुंपणाशी आल्या. त्यांची माडाच्या गुळाची भट्टी आहे. "थावोन, हे कोणासाठी मांडलंयस रे?"

"मप्रावसाठी, मावशी."

"बरं केलंस," असं म्हणून त्या गूळ घोटायला निघून गेल्या.

ऑपरेशनचा दिवस जवळ आला आणि मप्रावनं पिंजऱ्यात नाकसुद्धा घातलं नव्हतं. एका सोमवारी मी कचेरीचा खाकी गणवेश चढवून तयार झालो. आम्ही कारकून सोमवारी खाकीत असतो आणि त्यामुळे त्या दिवशी मला उगीचच अधिकार आल्यासारखं वाटतं. मी जाहीर केलं, "त्याला आत काय आहे ते माहीत नाही म्हणून तो भितो. मी स्वतः आत जाऊन दाखवतो."

"तुम्ही मावाल?" चाबानं विचारलं.

"मीच बांधलाय."

"म्हणूनच विचारलं," असं म्हणून ती भात बघायला आत गेली.

बूट काढून मी आधी डोकं घातलं, मग खांदे, मग श्वास सोडून पोट. गुडघे हनुवटीला लागले. वळून दाराकडे तोंड करता आलं नाही, म्हणून पाय दाराशी राहिले. "बघा," मी आतून म्हटलं, "किती मजा आहे." मप्राव उठला. लंगडत आला. त्यानं माझ्या मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा हुंगला, प्रेमानं चाटला, आणि समाधानानं दाराला टेकून बसला. दार लागलं. बाहेरची कडी खट्‌कन पडली.

"मप्राव," मी हळूच म्हटलं, "उठा." तो आणखी टेकला. घरातलं एक माणूस तरी जागच्या जागी मिळालं, असं त्याला वाटलं असावं.

तेवढ्यात वल्ह्याचा आवाज आला आणि लमैमावशी आमच्या धक्क्यावर उतरल्या. हाक मारणार होतो, पण तालुका कचेरीचा ज्येष्ठ कारकून खाकी गणवेशात कुत्र्याच्या पिंजऱ्यात का आहे, हे कुठून सांगायला सुरुवात करावी ते ठरेना. मी गप्प राहिलो. पडद्यापलीकडे बश्या ठेवल्याचा आवाज झाला. मग मावशींचा आवाज, अगदी जवळून.

"जागेवाल्या बाबा, उकडलेली अंडी आणलीत. लाल सरबत आणलंय, नळी खोचून. लॉटरीचा आकडा नको मला. त्या कुत्र्याचा पाय वाचव. माझा म्हातारा गेल्यापासून दुपारी भट्टीशी माझ्याजवळ तेवढंच एक कोणी येऊन बसतं. बोलत नाही, पण उठूनही जात नाही रे."

मप्राव त्यांच्याकडे जातो हे मला माहीत होतं. मला वाटायचं, गुळाच्या खरवडीसाठी जातो.

"पाय वाचला तर तुझ्यापुढं नाच करीन म्हटलं असतं, पण माझे गुडघे गेलेत. तेव्हा हे घर ज्यानं बांधलं, तो थावोन नाचेल. डोक्यावर मुकुट घालून. तोंडाला पावडर लावून. सगळ्या कालव्यासमोर."

"आँ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग मावशी म्हणाल्या, "हो म्हणालास. फार उपकार झाले." जमिनीला डोकं टेकून त्या निघून गेल्या. माझे डोळे भरून आले होते. थोडे मप्रावसाठी, थोडे मावशींसाठी, आणि बरेचसे त्या मुकुटासाठी.

चाबानं येऊन कडी काढली तेव्हा माझा एक पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. "कुत्र्याला सवय लावायची होती ना?" ती विचारत होती, तोच मप्राव माझ्या शेजारून सरकला. त्यानं आत डोकं घातलं. मी पडलो होतो ती ऊबदार जागा हुंगली. दुखरा पाय सांभाळत आत चढला, गोल फिरला, बसला, आणि मान बाहेर काढून मावशींची अंडी खाऊ लागला.

चाबा मटकन खाली बसली. मला इतका आनंद झाला होता की मुंग्या आलेला पाय विसरून मी उभा राहिलो आणि तिच्याच अंगावर पडलो.

नवसाची हकिगत ऐकून ती म्हणाली, "मग नाचा."

"अगं, मावशींना खरं काय ते सांगून टाकू."

"काय सांगणार? त्यांचं मनातलं बोलणं पिंजऱ्यात लपून ऐकलंत, हे?"

तिकडे अंडी फस्त होतात, म्हणजे जागेवाला जागृत आहे, अशी बातमी कालवाभर झाली. लोक उकडलेल्या कोंबड्या आणू लागले. हार आले. नवस फेडताना वाहतात ते सिमेंटचे छोटे झेब्रे आले. मी सगळ्यांना कळवळून सांगायचो, "अहो, हा कुत्र्याचा पिंजरा आहे." लोक एकमेकांकडे बघून मान डोलवायचे. खऱ्या जागृत ठिकाणचे मालक असंच बोलतात म्हणे.

मप्रावला पिंजरा मनापासून आवडला. फक्त दार लावलं की तो धडपडत उठायचा. माझी बोटं फटीतून आत असली आणि त्यावर त्याचं नाक असलं, तरच पडून राहायचा. ऑपरेशन नीट झालं. पुढचे सगळे दिवस मी रजा काढून पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसलो, बोटं आत घालून. जेवायची वेळ झाली की चाबाची बोटं, आणि दुपारी भट्टी चाबावर सोपवून लमैमावशींची. आयुष्यात मी कुणाच्या इतका उपयोगी पडलेलो नाही. रजेचं कारण तपासायला एकदा आमचे साहेब आले. मी घाबरून उठणार तर मप्राव हलला, म्हणून तसाच बसून राहिलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी बढतीसाठी हार आणला होता. हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटले आणि गेले.

शेवटी डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "सोडा त्याला." मप्राव अंगणात उभा राहिला. चार पायांवर. मग हळूहळू चालत, एकदाही न लंगडता, कुंपण ओलांडून लमैमावशींच्या भट्टीशी जाऊन बसला. मावशी हातातली घोटणी तशीच धरून उभ्या राहिल्या. चाबा रडली, मावशी रडल्या, मीही रडलो. मला रडायला आणखी एक कारण होतं.

मुकुट नाटक मंडळींकडून आला, पावडर चाबाची. कालव्यात इतक्या होड्या दाटल्या की भंतेजींची होडी पलीकडेच अडकली. मी नाचलो. बोटं मागं वळवायची असतात, माझी वळेनात. गुडघे वाकवायचे असतात, ते वाकले आणि वर येईनात. मुकुट कधी या कानावर, कधी त्या. लोक इतके हसले की एक होडी उलटता उलटता वाचली. लमैमावशी तर धक्क्यावर पोट धरून बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

घाम पुसत मी त्यांच्याजवळ गेलो. "फिटला ना मावशी तुमचा नवस?"

"फिटला. पण थावोन, त्या मोज्याला तेवढं रफू कर. अंगठा बाहेर येतो."

मी गार पडलो. "तुम्हाला... माहीत होतं?"

"पडद्याखालून, दाराच्या फटीतून खाकी विजारीतले पाय दिसत होते. जागेवाला काय सोमवारी कचेरीला जातो?"

"मग नवस कुणापुढं बोललात?"

मावशींनी डोळे पुसले. "आत ऐकणारं कोणीतरी होतं ना? तेवढं पुरतं मला."

मी त्यांचे हात हातात घेतले. खरं तर इथंच हे सांगणं संपवायला हवं होतं. पण पुढच्याच पंधरवड्यात आमच्या साहेबांना बढती मिळाली, आणि तेही हार घालून तोच, थावोन नाचेल असा नवस बोलले होते, असं निघालं. पाठोपाठ फेरीवाल्याची मुलगी परीक्षेत पास झाली, गुळाच्या व्यापाऱ्याची हरवलेली होडी सापडली. हल्ली या कालव्यावर कुणाचंही काहीही चांगलं झालं तरी मलाच नाचावं लागतं.

मप्राव मात्र आता दाराला अजिबात घाबरत नाही. मी डोक्यावर मुकुट चढवला की तो उठतो, चारही पायांवर नीट चालत पिंजऱ्यात जातो, चाबाच्या उपरण्याचं टोक दातात धरतो आणि दार आतून ओढून घेतो. डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सवय पूर्ण लागली."